मुंगीचं वाचन

३ मार्च, सोमवार

शनिवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, 'मुंगीने आज गोष्टीची नऊ पानं न अडखळता वाचली.' तिने नऊ पानांची गोष्ट म्हणून दाखवली हे खरं. पण त्या पुस्तकाची पानं उघडत होती सातच.

आज ओल्या फडक्याने पुस्तक पुसताना एक पान जाड लागलं. सहावं आणि सातवं पान एकमेकांना चिकटलेलं होतं. शुक्रवारी चिकटकामासाठी केलेली खळ धाकटीने सांडली होती, तीच. सुरीच्या पाठीने हळूहळू सोडवलं. त्या दोन पानांवर कासव पुलावर येतं, वारा सुटतो आणि त्याच्या हातातला कंदील विझतो. हे सगळं मुंगीने शनिवारी म्हटलं होतं. वाऱ्याचा आवाजसुद्धा काढला होता. बंद पानांतून.

म्हणजे ती वाचत नव्हती. तिला पाठ आहे.

मी शेजारीच बसले होते आणि नेहमीप्रमाणे ओळीखाली बोट सरकवत होते. पूल आला, वारा आला, कंदील विझला, तेव्हा माझं बोट नेमकं कुठे होतं ते आठवत नाही. मला काहीच खटकलं नाही. लक्ष नव्हतं, असंच म्हणावं लागेल. शिकवणाऱ्याचं लक्ष नसणं हा दोषच आहे, म्हणून तोही लिहून ठेवते.

मुंगी साडेसात वर्षांची आहे. काही न बोलता काहीतरी उचलून घरभर नेत असते, म्हणून मुंगी. धाकटी चार वर्षांची, एका जागी टिकत नाही, ती भिंगरी. दोघींना मी घरीच शिकवते. मलाही दहाव्या वर्षापर्यंत बाबांनी घरीच शिकवलं.

४ मार्च, मंगळवार

आज खात्री करून घेतली. हा, माझा नवरा, छापखान्यात काम करतो आणि बिघडलेले कागद मुलींना मागच्या बाजूला चित्रं काढायला आणतो. त्यातला एक ताव निवडला. मोठी अक्षरं, चार ओळी, वर बकरीचं चित्र. मुंगीने कधी न पाहिलेला. सकाळी सगळे उठायच्या आधी मी तो चारदा वाचून ठेवला, म्हणजे ती कुठे चुकली तर मला लगेच कळेल.

नाश्त्यानंतर कागद तिच्यापुढे ठेवला. तिला तहान लागली. पाणी पिऊन आली. पेन्सिलीला टोक नव्हतं.

"पेन्सिल कशाला? वाचायचंय फक्त."

"हातात असली की बरं वाटतं."

टोक काढून झालं. मग भिंगरीने तिला ढकललं. माझ्या मते ढकललं नव्हतं. मग पोटात दुखायला लागलं. मी बसून राहिले. शेवटी तिने कागदाकडे नाही, चित्राकडे पाहिलं आणि सुरू केलं. "एक बकरी होती. तिला टोपी हवी होती. पण शिंगं मध्ये यायची, म्हणून तिने टोपीवाल्याला दोन भोकं पाडायला सांगितली..."

कागदावर लिहिलं होतं की बकरीने दोरी खाल्ली.

तिची गोष्ट जास्त चांगली होती. मी "शाबास" म्हणाले. ते का म्हणाले, कळत नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद घडी करून फ्रॉकच्या खिशात टाकला.

याला अजून सांगितलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. चहाच्या वेळी याने वाचून दाखवलं. घरातली पत्रं हाच वाचतो. वर्तमानपत्रही मी त्याच्या तोंडूनच ऐकते. छापील मजकुराला त्याचा आवाज शोभतो.

शुक्रवारी, २१ तारखेला, सकाळी अकरा वाजता तपासनीस बाई येणार आहेत. मोठीचं वाचन आणि हिशेब बघतील. समाधान झालं नाही, तर पुढच्या सत्रापासून तिला शाळेत घालावं लागेल. वाचनासाठी 'घरी वापरात असलेलं कोणतंही एक पुस्तक' चालेल.

हे शेवटचं वाक्य ऐकून मला हायसं वाटलं. तसं वाटलं हे लिहून ठेवते. नाहीतर ही वही कशाला?

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "परीक्षा कुणाची, पोरीची की मास्तरणीची?"

"दोघींची, आई," हा म्हणाला.

"मग मास्तरणीने जरा खाऊन घ्यावं. चेहरा बघ तिचा, उतरलेलं धिरडंसुद्धा बरं दिसेल."

सगळे हसले. मीही हसले. मुंगी वाटाण्याच्या शेंगा एकावर एक रचत होती. तिने विचारलं, "त्या बाई उंच आहेत का?"

"का गं?"

"सहज."

८ मार्च, शनिवार

कासवाच्या पुस्तकाची सहावं-सातवं ही दोन पानं नीट सुकवली. इस्त्री फिरवली. आता नऊच्या नऊ पानं उघडतात.

११ मार्च, मंगळवार

बाबांना फोन केला. तब्येतीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि मग मुद्द्यावर आले.

बाबांची पद्धत होती 'आधी कान, मग डोळे'. ते धडा तीनदा वाचत, मी मागून म्हणत असे, आणि तोंडात बसला की पुस्तक माझ्याकडे. मी मुलींना तसंच शिकवते. माझ्या भावंडांनाही त्यांनी असंच शिकवलं. ते दोघं लवकर पुस्तकावर गेले. मी रेंगाळत राहिले, कारण मला ऐकायला आवडायचं.

म्हटलं, "बाबा, मुंगीचे कान पोचलेत. डोळे मागेच राहिलेत."

त्यांनी तिकडचा रेडिओ बंद केला.

"तुझेही जरा सावकाशच आले होते," ते म्हणाले.

"पण आले ना?"

"तू फार हुशार मुलगी होतीस गं."

मग त्यांनी गुडघ्याचं पुन्हा सुरू केलं. आत्ता लिहिताना वाटतंय, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

दहाव्या वर्षी मी शाळेत गेले त्या दिवसाबद्दल या वहीत कधी लिहिलेलं नाही. बाईंनी नवं पुस्तक हातात दिलं आणि उभं राहून वाच म्हणाल्या. घरी मी पहिली ओळ ऐकल्याशिवाय कधी सुरुवात केली नव्हती. मी वाट पाहत राहिले, कुणीतरी आधी म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. बाईंना वाटलं मी हट्टी आहे. तास संपेपर्यंत मला उभं ठेवलं. पुढे बाबांनी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून दिली, ती पानावर ठेवून वाचायची, म्हणजे वरखालच्या ओळी मध्ये येत नाहीत. तिने माझं पुष्कळ निभावलं. आता फक्त हिशेबाचे किंवा औषधाचे कागद असले तरच काढते.

ही उभं राहण्याची गोष्ट मी मुलींना सांगितली आहे. गमतीची म्हणून. घरी शिकण्यात किती सुख आहे ते कळावं म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार

गेले तीन दिवस रोज कासवाचं पुस्तक. मी वाचते, मुंगी म्हणते. काल तर मी तिला पान कधी उलटायचं तेही शिकवलं. 'कंदील विझला' म्हटलं की उलटायचं. शिकवताना माझा आवाज अगदी गोड होता. याला शिकवणं म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

आज सकाळी एक फजिती झाली. सासूबाईंनी काल डबे घासले आणि झाकणं अदलाबदल करून लावली. मी डबे झाकणाच्या रंगावरून ओळखते. चिठ्ठ्या लावल्या आहेत, पण त्या मुलींच्या सरावासाठी. चहात साखर घालायला निळ्या झाकणाचा डबा काढला, आणि भिंगरी ओट्याशी उभी होती ती ओरडली, "आई, मीठ! त्याच्यावर मीठ लिहिलंय!"

तोवर दोन चमचे पडले होते.

सासूबाईंनी घोट घेतला. "सूनबाई, चहा केलास की समुद्र आटवलास?"

मला हसू आलं आणि मग ते थांबलं. चार वर्षांच्या भिंगरीने चिठ्ठी वाचली होती. तिला कुणी शिकवलेलं नाही. ती नुसती मांडीवर लोळत असते, बहिणीचा धडा चालू असताना. हुरूप येऊन तिने सगळी फळी वाचून काढली. "डाळ. रवा. सोडा." प्रत्येक शब्दाला एक उडी.

मुंगी दारात उभी होती. ती डब्यांकडे पाहत होती. मग वळली आणि अंगणात जाऊन चपला ओळीने लावू लागली. सगळ्यांच्या. माझ्याही.

मी बाहेर जायला हवं होतं. मी चहा ओतून दुसरा ठेवला.

१५ मार्च, शनिवार

न्हाणीघरात मुंगीचे केस धुताना तिला विचारलं. डोळे मिटलेले असले की ती बोलते.

"मुंगी, डब्यावरचं वाचता येतं तुला?"

"हळू हळू येतं."

"आणि पुस्तकातलं?"

"पुस्तकात खूप असतात गं. बसतच नाहीत."

"कोण बसत नाहीत?"

"अक्षरं. एका जागी. मी एकाकडे बघते तर शेजारचं सरकतं. मग पहिलं कुठलं ते हरवतं."

मी म्हटलं, "वेडाबाई, ती सरकतातच. सगळ्यांचीच सरकतात. त्यांना नजरेने दाबून धरायचं असतं, आणि मग पुढच्याला हात घालायचा. दमायला होतं, पण जमतं." मला इतकं हलकं वाटलं. एवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती! म्हणजे माझ्याच शिकवण्यात राहून गेलं होतं.

तिने साबण लागलेले डोळे उघडले. "तुझीही सरकतात?"

"हो तर."

"मग तू पण पाठ करतेस?"

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. मग ती म्हणाली, "आई, मी त्या बाईंपुढे चुकले तर तुला उभं करतील का?"

म्हणून ती हे दिवस इतकं मन लावून पाठ करत होती तर. माझ्यासाठी. ती बाईंची उंची विचारत होती ती याचसाठी, मला किती मोठं माणूस रागावणार ते बघायला.

मी काय उत्तर दिलं ते लिहायचं आहे, कारण ते चुकीचं होतं. मी म्हटलं, "तू चुकणारच नाहीस."

मागे वळले तर हा टॉवेल घेऊन दारात उभा होता. किती वेळ होता, कळलं नाही. त्याने टॉवेल दिला आणि गेला.

१६ मार्च, रविवार

मुली आजीबरोबर बाजारात गेल्यावर याने खुर्ची ओढून घेतली.

"तू काल पोरीला म्हणालीस, सगळ्यांची अक्षरं सरकतात."

"मग?"

"माझी नाही सरकत."

मी म्हटलं, तुला सवय झालीये, दिवसभर छापखान्यात तेच काम. तो म्हणाला, "सवयीचं नाही गं. कधीच नाही सरकली. लहानपणीही नाही."

"उगाच काहीतरी."

"तुला काय वाटतं, पत्रं मी का वाचतो?"

"तुझा आवाज चांगला आहे म्हणून."

तो हसला नाही. म्हणाला, "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एक औषधाची बाटली तू माझ्याकडे दिलीस आणि म्हणालीस, जरा वाच, माझे हात ओले आहेत. हात कोरडे होते."

मला राग आला. नऊ वर्षं माहीत होतं तर गप्प का बसला? तो म्हणाला, "तू इतकं नीटनेटकं सगळं करतेस. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि बोलायचं नाहीये." मी उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

पण एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं बरोबर नाही. म्हणून मी विचारत गेले.

सासूबाई बाजारातून आल्यावर त्यांना विचारलं, "आई, वाचताना तुमची अक्षरं हलतात का?"

"चष्मा नसला तर धुरकट दिसतात. हलतील कशाला? त्यांना काय पाय आहेत?"

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, सुईच्या भोकाचं मात्र विचारू नका. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो काळजीने म्हणाला, चक्कर येते का तुम्हाला? धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बरी आहेस ना?" आणि मग जरा थांबून, "तुझी हलायची, नाही? तू म्हणायचीस एकदा. मला वाटायचं तू गोष्टी रचतेस."

याला धरून पाच जण झाले. पाचही जण नाही म्हणाले.

आता तिशी जवळ आली माझी. इतकी वर्षं मला वाटत होतं, वाचन म्हणजे सगळ्यांसाठीच ओझं उचलणं, आणि बाकीचे माझ्याहून जास्त शिस्तीचे आहेत इतकंच. आळस माझा आहे. ही वहीसुद्धा मी आधी कच्च्या कागदावर लिहिते, मोठ्याने म्हणून बघते, आणि मग इथे उतरवते. मला वाटायचं सगळे असंच करतात.

संध्याकाळी बाबांना फोन करावासा वाटला. केला नाही. ते पुन्हा म्हणतील, तू हुशार होतीस. ते खरंही असेल. पण आज मला ते ऐकायचं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी नोंदपत्रकांची फाईल काढली. दर आठवड्याला एक पत्रक कार्यालयाला जातं. माझ्याकडे प्रती आहेत. त्यात 'वाचन' या रकान्यात मी लिहिलं आहे, 'वाचते', 'चांगलं वाचते', 'न अडखळता वाचते'. एक्केचाळीस पत्रकं. खाली माझी सही. प्रत्येक वेळी मला ते खरं वाटलं होतं. तेही मी सांगेन, पण सबब म्हणून नाही.

कासवाचं पुस्तक पुढे ठेवलं तर शुक्रवारी सगळं सुरळीत पार पडेल. मुंगी नऊ पानं म्हणेल, वाऱ्याचा आवाज काढेल, 'कंदील विझला'ला पान उलटेल. बाई सही करतील. मुली घरी राहतील. मुंगी आठ वर्षांची होईल, नऊ, दहा. मग एक दिवस कुणीतरी तिच्या हातात नवं पुस्तक देईल. तेव्हा तिच्या शेजारी मी नसेन.

खरं सांगितलं तर कदाचित तिला शाळेत जावं लागेल. भिंगरीही जाईल. सकाळी नऊपासून हे घर रिकामं होईल. ते माझंच घर आहे, पण त्यात मी काय करीन, ते मला सुचत नाही. हेही लिहून ठेवते, कारण एवढे दिवस मी कुणासाठी लपवत होते ते त्यावरून कळतं.

जेवताना सगळ्यांपुढे बोलले. हा म्हणाला, "फोन मी करतो. मला बोलायला सोपं जाईल."

"नको."

सासूबाईंनी भाकरी मोडायची थांबवली. मला वाटलं आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, "शाळेत घातलं तर पहिले चार दिवस मी फाटकाशी बसेन. कुणी माझ्या नातीला उभं केलं तर मीही शेजारी उभी राहीन. बघू कोण आधी दमतं." मग नेहमीच्या आवाजात, "आणि तू, मास्तरीण, ते डबे आता वाचून वापर. परत समुद्र नको."

मुंगीने विचारलं, "पण कासव पाठ झालंय. वाया जाईल ना?"

"वाया कसं जाईल? भिंगरीला सांग ना."

"ती स्वतःच वाचते," मुंगी म्हणाली. फार हळू. मग म्हणाली, "पण आवाज माझे चांगले आहेत."

"तुझेच चांगले आहेत," मी म्हटलं. हे खरं आहे.

काय बोलायचं ते कच्च्या कागदावर लिहून मोठ्याने म्हणून पाहिलं. तपासनीस बाईंना सांगणार आहे की मोठी मुलगी वाचत नाही, पाठ म्हणते, आणि मी ते एक्केचाळीस आठवडे वाचन म्हणून लिहिलं. शुक्रवारी तुम्ही तुमचं पुस्तक आणा, पण तिला उभं राहायला सांगू नका. आणि अक्षरं सरकणाऱ्या मुलांना कुठे तपासतात ते मला सांगा. तपासणीला दोन नावं लिहायची आहेत. दुसरं माझं.

उद्या मंगळवार, कार्यालय बंद. परवा फोन सुरू होतात दहाला. कागद समोर ठेवणार नाही. तो समोर असला तर मी पाठच म्हणेन. मुंगी शेजारी बसलेली असेल, तिला सगळं ऐकू येईल अशा आवाजात मी बोलेन, बुधवार, १९ मार्च, सकाळी दहा वाजता.